बेलाचं पान आणि पिळलेली भाजी

२ डिसेंबर
ह्यांचं बीपी पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवू नका, चाला, मीठ कमी करा. ह्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, "शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी काठी धरू का?" डॉक्टर लातूरचे नव्हेत. म्हणाले, "धरा की, चालताना आधार होतो." हे रुबाबात बाहेर. "परवानगी भेटली."
मी परत आत गेले. काठी म्हणजे घरापेक्षा उंच बांबू, वर निशाण, कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्यानं गावातल्या टेकावरच्या महादेवापर्यंत न्यायचा, हे सांगितलं. डॉक्टरांनी फाईल परत ओढून घेतली. "जानेवारीअखेर दाखवा, मग बोलू."

३ डिसेंबर
झोप नीट नाही. मागच्या वर्षीचं आठवत राहिलं. काठी धरणाऱ्यानं ओठांत बेलाचं पान धरायचं, वेशीपासून गाभाऱ्यापर्यंत ते पडू द्यायचं नाही. ह्यांना विहिरीच्या चढावर दम लागला, तोंड उघडलं आणि पान पडलं. काठी तिथंच चुलत दिरांच्या मुलानं, संगमेशनं घेतली. लागोपाठ दोनदा पान पडलं की मान दुसऱ्या घरी जातो. सासऱ्यांच्या आधीपासून मान आमच्या घरात आहे. हे देवघरातला काठीचा पट्टा रोज पुसतात.

७ डिसेंबर
आमची शिल्पी नांदेडहून आली. पोरगी तिथं दवाखान्यात लोकांना काय खावं ते सांगते, घरी येऊन बापाला सांगते. मला लई बरं वाटतं, दाखवत नाही.
आजचा धडा: नायट्रिक ऑक्साइड. अंगातच बनतो. रक्ताच्या नळ्या सैल करतो, मग रक्ताला जोर करावा लागत नाही. पालेभाज्या आणि बीट यांतून त्याचा कच्चा माल मिळतो, जिभेवरचे जंतू पुढचं काम करतात. चालल्यानं वाढतो. नाकातही बनतो, म्हणून तोंड मिटून श्वास घ्यायचा. ओठ मिटून ओंकार घुमवला तर आणखी चांगलं.
हे म्हणाले, "म्हंजे बेलाचं पान ठेवणारे शहाणे होते."
शि. म्हणाली, "हाव अप्पा. पण त्या पानानं गोळी सुटत न्हाई."
मी म्हटलं, पालेभाजीची काळजी नको. या घरात पालेभाजी माझ्या हातची असते.

१२ डिसेंबर
बीट आणलं, किसून दही घालून दिलं. सकाळी हे न्हाणीतून पांढरेफटक होऊन आले. भिंतीला धरून म्हणाले, "शिल्पीला फोन लाव. ह्या दुकानाच्या चाव्या धर."
लघवी लाल झाली होती. शि. फोनवर हसून हसून बेजार. काहींना बिटानं होतं म्हणे तसं. फोन ठेवल्यावर ह्यांनी चाव्या परत मागून घेतल्या आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

येळवस
शेतात. येळ अमावस्येची पूजा, शेंगा-पाल्यांची मिसळ भज्जी, ताकातली आंबील, भरपूर माणसं. ह्यांनी बिनमिठाची भज्जी मागितली तेव्हा चुलत दीर मन्मथअप्पा सगळ्यांदेखत हसले. जेवणानंतर बांधावरून येताना हे थांबले, तोंड उघडं. दीर माझ्याजवळ आले. "वैनी, राग नका मानू. दादाला लई दम लागून राहिला. संग्याला देऊ काठी. पान पडण्यापरीस आपणहून दिलेलं बरं."
वाईट माणूस नाही. म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "भावजी, अजून शिवरात्र यायची हाय." हे ऐकत होते. परतताना गाडीत तोंड मिटून बसले, नाकानं फुसफुस. हसू आलं आणि रडूही.

२८ डिसेंबर
बीपी तसंच. तीन आठवडे रोज पालेभाजी. करडई, चाकवत, पालक, मेथी. मग कुठं अडतंय?
शि. आली होती. मी करडईची भाजी करत होते. उकडली, गार केली, सासूबाईंनी शिकवल्यासारखी मुठीत घट्ट पिळली. पाणी नेहमीसारखं मागच्या दारी कढीपत्त्याला. शि. दारात उभी.
"अव्वा, सगळ्याच भाज्या अशा पिळतेस?"
"मग? पिळल्याबिगर भाजी असती का?"
अंबाडी आंबट, ती पिळावी लागते. तिच्या मागं आमच्या घरात सगळा पालाच पिळायची रीत पडली. शि. म्हणाली, कच्चा माल बराचसा त्या पाण्यात उतरतो. मग कढीपत्त्याकडे बघितलं. झाड छपराला टेकलेलं, पानं काळीभोर, गल्लीतल्या बाया फोडणीला मागून नेतात. शि. म्हणाली, "या झाडाचं बीपी एकदम चांगलं असंल."
मला राग आला. लग्न होऊन आल्यापासून या हाताच्या भाजीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. जेवले नाही. मग जेवले.

४ जानेवारी
आज करडई थोड्या तेलात, लसणावर नुसती परतली. पाणी घातलं नाही, पिळायचा प्रश्नच नाही. ताटात वाढून मी पाठ करून उभी. हे खात राहिले. मग म्हणाले, "ह्या भाजीला चव असती व्हय?"
याचा काय अर्थ घ्यायचा? इतकी वर्षं काय खाल्लं म्हणे? पण दुसऱ्यांदा मागून घेतली, ते खरं.

१५ जानेवारी
ह्यांचा सराव चालू. पहाटे मैदानावर ओठांत पान धरून चालतात. बेल देवाचा, सरावाला नको, म्हणून कढीपत्त्याचं पान. माझ्या भाजीच्या पाण्यावर वाढलेलं, शेवटी ज्याचं त्याला पोचलं.
गोलाईच्या बाजारातल्या आमच्या किराणा दुकानातही ओठ मिटून घुमवतात. गिऱ्हाईक विचारतं, "अप्पा, तूरडाळ कशी दिली?" हे म्हणतात, "म्म्म्म्." एक बाई घरी येऊन मला विचारून गेली, अप्पांची वाचा गेली का. मी सांगितलं, नाही, रक्ताच्या नळ्या सैल करून राहिले.
घरात सकाळी शांतता असते. हा फायदा पोरीनं सांगितला नव्हता.

३० जानेवारी
दवाखाना. बीपी उतरलं. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. यंत्राकडे बघताना माझीच छाती धडधडत होती, माझं मोजलं असतं तर मला ठेवून घेतलं असतं. म्हणाले, गोळी चालूच, भाजी आणि चालणं चालूच. काठी धरा, पण छातीत काही वाटलं किंवा चक्कर आली तर त्याच पावली दुसऱ्याला द्या, मानाचा विचार करायचा नाही. ह्यांनी "हाव" म्हटलं. मी म्हटलं, "शपथ घ्या." घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवून.
येताना ह्यांनी मला गजरा घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, "भाजीचा."

शिवरात्र
गावी आलो. उपास, भजन. शि. संध्याकाळच्या एसटीनं आली. हे लवकर निजले. मी पट्टा पुसला.

शिवरात्रीचा दुसरा दिवस
गुलालाचे हात धुऊन लिहायला बसले.
वेशीत काठी उभी राहिली. ह्यांनी विभूती लावली, पान ओठांत धरलं, निघाले. मी आणि शि. बायांत, बाजूबाजूनं. हलगी, गुलाल, आणि मला फक्त ते पान दिसत होतं. विहिरीचा चढ आला. मागच्या वर्षीच्या जागी हे थांबले. हलगीही थांबली. मन्मथअप्पा पुढं झाले, दोन्ही हात काठीकडे. माझ्या मनात शपथ, आणि तरी मी देवाला म्हणत होते, आज काठी सुटायला नको.
ह्यांनी डोळे मिटले. नाकपुड्या फुगल्या, बसल्या, परत फुगल्या. मग ओठ मिटलेलेच ठेवून तो दुकानातला घुमारा काढला. जवळच्यांना ऐकू गेला. डोळे उघडून ह्यांनी दिरांकडे बघून मान हलवली, नाही. आणि चढले. पान गाभाऱ्यापर्यंत. मी मोठ्यानं रडले, लाज वाटली नाही. माझा माणूस आहे तो. मन्मथअप्पाच सगळ्यांच्या आधी ह्यांच्या पाया पडले. "वैनी, काय खाऊ घातलं?" मी म्हटलं, "न पिळलेली भाजी." त्यांना काही कळलं नाही.
मग पंच जमले. पुढच्या वर्षी काठी कोण धरणार, दादा का संगमेश, आत्ताच सांगा. सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघू लागले. ह्यांनी पान काढलंच नाही. ओठांकडे बोट दाखवलं, नमस्कार केला आणि पान तसंच धरून घरापर्यंत चालत आले.
घरी आल्यावर ह्यांनी पान देव्हाऱ्यात ठेवलं. मी विचारलं, "खरं सांगा, पुढच्या वर्षीचं काय?"
हे उठले, पान उचललं आणि परत ओठांत धरलं.