निमोण्याची शेवंती दौंडात

थोरली वस्ती, निमोणे,
ता. शिरूर
रविवार, १९ जानेवारी २००३

चि. सौ. सायलीस,

आशीर्वाद. तुझ्या नावामागं 'सौ.' मी आज पहिल्यांदा लिहिलं. लिहून झाल्यावर बराच वेळ त्या अक्षराकडं बघत बसले.

इकडं सगळं ठीक आहे. थंडी मरणाची पडलीय. कांदा बरा आलाय. कपिली म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आप्पांचा डावा गुडघा फार दुखतो, पण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. तो दाखवायला मागच्या महिन्यात तुझा चुलतभाऊ सत्यजीत मला मोटरसायकलवर बसवून दौंडला शिबिराला घेऊन गेला होता. शिबिर रेल्वेच्या क्वार्टरांजवळच्या शाळेत. नंबर यायला दोन तास होते. सत्यजीत म्हणाला, काकू, तुम्ही सावलीला बसा, मी एकाला भेटून येतो. आता मला एका जागी बसवतंय कुठं. मी आपली क्वार्टरांच्या कडेकडेनं फुलं बघत निघाले. लोकांच्या दारातली झाडं बघायची माझी खोड तुला ठाऊक आहे. एकीकडं कर्दळ माजलेली, वर्षानुवर्षं कुणी उकरून वेगळी केलेली नाही, मधोमध सगळी कुजून गेलेली. पुढं गुलाब, नुसत्या काटक्या. मी मनातल्या मनात त्या सगळ्या बायांना नावं ठेवत चालले होते.

आणि एका दारात माझी शेवंती.

खोटं सांगत नाही सायली, मी पदरानं डोळा पुसून पुन्हा बघितलं. शेवंती काय, कुणाच्याही दारात असते. पण ही आपली. वरून पांढरी, आतून वांगी रंगाची, पाकळी चमच्यासारखी वळलेली. माझ्या माहेरी, इनामगावला, आईच्या परसात ती होती, आणि आमच्यात तिचं मूळ बाहेर द्यायची रीत नाही. फुलं मागा, टोपली भरून देऊ. मूळ मागायचं नाही. मूळ फक्त लेकीला, तेही ती सासरी निघाली की, ओल्या गोणपाटात बांधून ओटीत घालायचं. माझ्या आईनं मला असंच दिलं. तुला मी दिलं नाही. तुझी ओटीच भरली नाही, तर मूळ कुठलं देणार.

मग ही दौंडात आली कुठनं? खरं सांगू, आधी मला रागच आला. वाटलं, सापडला चोर.

त्याला कारण आहे. फुलं सरली की महाशिवरात्रीच्या सुमाराला मी बुंधे चार बोटं ठेवून छाटते, गड्डे उकरते, भोवतीचे फुटवे वेगळे करते आणि दुसऱ्या वाफ्यात लावते. त्याच मातीत पुन्हा लावली तर फूल बारीक होतं. फुटवे मी मोजून गोणपाटाखाली ठेवते. तर गेली आठ वर्षं, दुसऱ्या दिवशी लावायला घ्यावं तर त्यातले चारपाच कमीच. घूस म्हणावी, तर घूस चांगले चांगले निवडून नेत नाही. मी आळ घेतला मालनबाईवर. पलीकडच्या वस्तीवरची, माझी चुलत जाऊ, तुझी मालनकाकू. तिनं एकदा मूळ मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. तेवढ्यावरून मी तिच्याशी सात वर्षं बोलले नाही. तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले नाही. पाणवठ्यावर समोर आली तर हंडा तसाच रिकामा घेऊन मागं फिरायचे. माझं डोकं एकदा फिरलं की कसं असतं ते तुला सांगायला नको.

तर मी त्या कुंपणाशी उभी. बघते तर प्रत्येक झाड बुटकं आणि डेरेदार, म्हणजे आषाढात, श्रावणात शेंडे नीट खुडलेले. मावा पडू नये म्हणून पानांवर राख मारलेली. फांद्या लवू नयेत म्हणून तुरकाट्या रोवलेल्या. आणि काट्यांना झाडं बांधलेली कशानं, तर हिरव्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्यांनी. ते लुगडं माझं. माझ्या भावानं दिवाळीला घेतलेलं, विटलं तेव्हा मीच फाडून चिंध्या न्हाणीच्या खुंटीला लावून ठेवल्या होत्या, झाडं बांधायला. माझ्या न्हाणीतली चिंधी, दोन एसट्या बदलून जावं लागतं त्या दौंडात. मला काही कळेना. मी कुंपणाला धरून उभी राहिले.

तेवढ्यात आतनं एक पोरगी आली. दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक. कोण पाहिजे म्हणाली. मी विचारलं, बाळ, ही फुलं कुणी लावली? तर म्हणाली, आमच्या आप्पाआजोबांनी. ते निमोण्याहून रोपं आणतात, आणि शेंडे खुडायला मी असते, तीन पानं ठेवून खुडायचं असतं. नाव विचारलं. रश्मी. आडनाव विचारायची गरजच पडली नाही. बोलताना खालचा ओठ मुडपत होती, तू मुडपायचीस तसा.

आणि आतनं तुझा आवाज आला, "रश्मी, कोण आहे गं?"

आठ वर्षांनी ऐकला. आणि मी काय केलं, तर पळाले. साठीला आलेली बाई मी, पदर तोंडाला लावून त्या रस्त्यानं पळत सुटले. म्हातारी कोण होती म्हणून तुम्ही मायलेकी बोलला असाल. मी होते.

शिबिरात डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि म्हणाले, आज काही करता येणार नाही, घरी जा, पडून राहा. सत्यजीत सगळ्या वाटेनं विचारत होता, काकू, बोलत का नाही.

घरी आल्यावर चार दिवस मी तुझ्या आप्पांशी एक शब्द बोलले नाही. नुसती बघत होते त्यांच्याकडं. ह्या माणसाबरोबर मी पस्तीस वर्षं राहतेय. दर दोन महिन्याला हा माणूस दौंडाकडच्या खुटबावला जातो, म्हणे तिथल्या कुणा बापूसाहेबांकडं उसाचं बेणं बघायला. आपल्याकडं ऊस आहे किती, तर दहा गुंठे. मी कधी विचारलं नाही की एवढं बेणं लावता कुठं. अशी मी शहाणी.

पाचव्या दिवशी ते जेवायला बसले. भाकरी वाढता वाढता मी विचारलं, "रश्मी कितवीत हाय?"

त्यांनी घास ताटात ठेवला. मग खाली बघूनच म्हणाले, "तिसरीत."

कधीपासून जाता, म्हणून विचारलं. तर म्हणाले, "ती फाट्यावर भेटली तवापास्नं."

आता जे लिहायचंय ते मी इतका वेळ टाळत आलेय. कांदा, म्हैस, डोळा, सगळं लिहून झालं. आता लिहिते.

रश्मी तीन महिन्यांची असताना तू दारात आली होतीस. दार वाजवून म्हणालीस, आई, मी आहे, उघड. मी आतनं कडी घातली आणि म्हटलं, आप्पा घरात कुऱ्हाड घेऊन बसल्यात, आल्या पावली जा. सायली, आप्पा घरात नव्हते. ते शिरूरला बाजाराला गेले होते. घरात मी एकटी होते. दाराच्या फटीतनं बघत होते. बाळाला पिवळं टकुचं घातलं होतंस. तू अंगणातनं जाईपर्यंत बघितलं, आणि मग चुलीपाशी जाऊन पोळ्या लाटल्या. हे मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, हे मला आणि देवाला ठाऊक.

तर आप्पा म्हणाले, त्या दिवशी ते शिरूरहून येऊन फाट्यावर उतरले, आणि तू लिंबाखाली बाळ घेऊन एसटीची वाट बघत बसली होतीस. त्यांना बघितल्याबरोबर बाळाला छातीशी धरून पळायला लागलीस. ते म्हणाले, अगं थांब, मी तर आत्ता शिरूरवरनं उतरतोय. त्यांच्या हातात बाजाराची पिशवी होती.

"मग तुमच्या दोघांच्या ध्यानात आलं," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "मग तिनं पोर माझ्या हातात दिलं."

म्हणजे आठ वर्षं तुला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. आठ वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवला, माझ्या शेजारी बसून सणवार केले, आणि त्याला माहीत होतं की ह्या बाईनं माझ्या नावावर खोटं बोलून लेकीला दारातनं हाकललं. कधी तोंडातनं चकार शब्द नाही. चिडले असते, दोन तोंडात मारल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. त्यावर ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "तिनं लगीन केल्यावर भावकी बसली व्हती तवा तू आतनं म्हणलीस, ती आम्हाला मेली. मी तर काईच बोललो नव्हतो. मला वाटलं, तुला कळलं तर तू मला जाऊ द्यायची न्हाईस. मी तुला भीत व्हतो."

ऐकलंस? मला! आणि मी ते भावकीसमोर बोलले कुणासाठी, तर त्यांच्यासाठी. ते मान खाली घालून बसले होते, मला वाटलं संतापानं बसलेत, आपण बोललो नाही तर हे काहीतरी करून बसतील. तो संताप नव्हताच. ते रडू आवरत होते, हे मला नऊ वर्षांनी कळतंय.

पण एवढ्यावर सुटायला नको मी. भावकीपुढं त्यांना भ्याले, हे खरं. दाराशी मी त्यांना भ्याले नव्हते, ते घरात नव्हतेच. मी भ्याले बायांना. हळदीकुंकवाला बोलावणं येणार नाही, लोक पाठीमागं बोलतील, ह्याला. जावई बौद्ध आहे हे माझ्या जिभेवर चढत नव्हतं. मुलगा वाईट आहे असं कधी कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. जात आडवी आली, दुसरं काही नाही. लिहायला लाज वाटते, पण तीच लाज तेव्हा वाटायला हवी होती.

परवा मालनबाईकडं गेले. तिच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, माफी मागितली. तर ती म्हणाली, म्हंजी चोर तुझ्याच घरात व्हता म्हण की, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, सात वर्षं गेली की गं आपली. तिला मी मूळ दिलं. रीत गेली चुलीत.

आणि गुरुवारी शाळेजवळ तुळजाभवानी मंडळाचं हळदीकुंकू होतं. पन्नासएक बाया. एकीनं सहज विचारलं, तुळजाबाई, तुम्हाला लेकरूबाळ एकच का? तिला वाटलं तुझा धाकटा भाऊ तेवढा, नवी आहे ती गावात. बाकीच्या खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, नाही, थोरली लेक आहे, सायली. दौंडला असते. जावई सुमित, रेल्वेत आहेत, बौद्ध आहेत. नात तिसरीत आहे. सगळं एका दमात बोलले. दोघी उठल्या आणि वाण न घेता गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या.

हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. नऊ वर्षं उशीर झाला, ते मला कळतं.

एक राहिलं. तुझ्या कुंपणाकडचं शेवटचं झाड पिवळं पडलंय. तिथं पाणी साचतं, एक लहान चर काढून दे. आणि उन्हाळ्यात फुटव्यांवर दुपारचं गोणपाट धरत जा, नाहीतर मे महिन्यात जातात. आप्पांना हे ठाऊक नसणार, उन्हाळ्यातलं सगळं मीच करते.

महाशिवरात्र झाली की आप्पा तुझ्याकडं येतील. या साली मला म्हणाले, चल. मी म्हटलं, ती बोलावल्याशिवाय नाही. म्हणून हे पत्र. मला यायचंय. जावयांची माफी मागायचीय, रश्मीला एकदा जवळ घ्यायचंय. तू हो म्हणालीस तर आप्पांजवळ सांग, ते धावत येऊन सांगतील. पण तुला नाही म्हणायचं असेल, तर ते मला लिहून कळव, पोस्टानं, माझ्या नावावर. आप्पांच्या तोंडी देऊ नकोस. माझ्यासाठी म्हणून त्यांनी पुष्कळ गप्प बसून काढलंय, तुझं 'नाही' तेवढं त्यांना माझ्याकडं आणायला लावू नकोस. ते मी माझ्या हातानं उघडून वाचीन.

खाली आधी 'तुझी आई' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. तुला विचारून लिहीन.

तुळजाबाई