तिसऱ्या वळणावरचा अर्धा सेकंद

३ मार्च, पहाटे ५
कंपनीने ठरवलं: रविवारी ट्रॅकवर मी विरुद्ध विनाचालक गाडी. हरलो तर मुख्य चालकाची जागा गेली. हरायचा प्रश्नच नाही. सव्वीस वर्षं शर्यतीत आहे. यंत्राला वेग असतो, श्रद्धा नसते. संकल्प: रोज व्यायाम, चहा बंद, कुणाबद्दल मनात कडवटपणा नाही.

३ मार्च, सकाळी ८
चहा घेतला. दूध नासलं असतं.

५ मार्च
त्या गाडीचा कॉम्प्युटर माझ्याच फेऱ्यांवरून शिकतोय. म्हणजे शिष्यच. तिसऱ्या वळणाआधी मी अर्धा सेकंद पाय उचलतो, देवाचं नाव घेतो. तोही नेमका तिथेच वेग कमी करतो! डोळ्यांत पाणी आलं. इंजिनीअरबाईंनी विचारलं, तिथे हळू का? म्हटलं, अनुभव. खरं कारण फक्त साडूभाऊंना ठाऊक. आमचे मेकॅनिक. गोष्ट पोटात ठेवणारा माणूस.

७ मार्च
व्यायाम उद्यापासून. गुडघा. साडूभाऊ बाईंच्या केबिनमध्ये चहा पीत होते. मला पाहून कप खाली ठेवला. बिचारे माझ्यासाठी हेरगिरी करत असणार.

९ मार्च, रविवार
हरलो. दहा फेऱ्या, पाच सेकंद. तिसऱ्या वळणावर तो एकदाही हळू झाला नाही; बाईंनी तेवढं त्याच्यातून काढून टाकलेलं. मीही होणार नव्हतो. पाय ऐकेना.
साडूभाऊंना गाठलं. म्हणाले, "भाऊ, चुगली नाही केली. बाईंनी विचारलं, गाडीत बिघाड आहे का? मी म्हटलं, गाडीत नाही."
ही म्हणाली, "खोटं काय बोलले ते?" बहिणीचा नवरा ना!

१० मार्च
आपलेच दात, आपलेच ओठ. देवाने हे का दाखवलं, यावर दिवसभर विचार केला. साडूभाऊंशी आयुष्यभर अबोला.

११ मार्च
स्कूटर सुरू होईना. स्कूटरपुरतं बोललो.

१२ मार्च
साडूभाऊंना बढती. माझ्यासाठी शब्द टाकलाय म्हणे. विनाचालक गाडीत नियमाप्रमाणे एक माणूस बसलेला लागतो. काम काही नाही. हा सव्वीस वर्षांचा मान? उद्या नऊला जाऊन तोंडावर नकार देणार. हिने डबा किती वाजता हवा ते विचारलं. उत्तर दिलं नाही. साडेआठ, एवढंच म्हटलं.

१३ मार्च
नकार द्यायलाच गेलो होतो. साडूभाऊंनी दार उघडून धरलं. उभ्याने काय बोलायचं, म्हणून आत बसलो. त्यांनी स्वतः पट्टा बांधला.
म्हणाले, "भाऊ, हात मांडीवर ठेवा."
ठेवले.