एकशे तीस टक्के साका

मारेगाव, ता. १६ एप्रिल

आदरणीय कांताबाई,

उकंडाचा जय भीम. तुह्या गुडघ्याचं कसं काय? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसन, तर बिडी सोडा म्हण, माह्यं नाव सांगू नोको.) इकडं सगळं बरं आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. बरं काहीच नाही.

तुह्या लेकीची, आपल्या दीपाची, केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमंदी बाटल्या धूऊन मले येते तेवढं सांगतो. दोन बाटल्यांतलं पाणी एकात ओतलं की पांढरा साका खाली बसते. भाकरी दहा आन् बेसन दोघांपुरतं, तर जेवण दोघांचंच; तसं जे पह्यले संपते, त्याच्यावर साका किती निघन हे ठरते. (त्याले लिमिटिंग रिॲक्टंट म्हणतात, बेसन लिहिलं तर मार्क कापतात.) दीपाचा जास्तीत जास्त एक ग्रॅम निघाले पाहिजे होता. तो गाळायचा, वाळवायचा, तोलायचा, आन् शंभरातला किती हाती लागला तो टक्का लिहायचा.

आता लेकरांच्या हातून निम्मा साका बेसिनात जाते. साठ टक्के आले की पोरी रडतात. मले पाह्यवत नाही, बाई! म्हणून मी कित्येक वर्षांपासून वाळत ठेवलेल्या कागदांवर गुपचूप चिमूट चिमूट खडूची पूड टाकतो. ब्याण्णव टक्के येते, पोरी हसतात, सरही खूश. यंदा तर घरचंच लेकरू, मी हात मोकळा सोडला. पण ते पोट्टं तुह्यासारखंच चिवट, तिनं कणभर सांडू दिलं नव्हतं! एकशे तीस टक्के आले. बाहेरून आलेला परीक्षक म्हणे, एका ग्रॅमातून एक पूर्णांक तीन निघालाच कसा? कागद ओला असन म्हणून त्यानं पुन्हा वाळवला. वजन तेवढंच. मग मेल्यानं त्याच्यावर ॲसिड ओतलं. साका फसफसून विरला, खडू बसला तसाच खाली. (खडू वेगळ्या मातीचा असते, हे एकतीस वर्षांत मले कोणी सांगितलं नाही.) बाकीच्यांचे शंभरच्या आत होते, ते कोणी तपासलेच नाही.

दीपावर गैरप्रकाराची केस झाली. शुक्रवारी कमिटी बसते. हे वर्ष तर गेलंच, पुढचीही जातीन म्हणतात. मी तिथंच उभा होतो, हातात फडकं घेऊन. तोंड उघडलं नाही. रिटायर व्हायले चार महिने राह्यले, बाई. माह्यी मलेच लाज वाटून राह्यली.

तुहा लहाना भाऊ,
उकंडा महादेव नगराळे, प्रयोगशाळा परिचर

ता.क. दीपा उद्याच्या मुकुटबनच्या गाडीनं येऊन राह्यली. तिले रागवू नोको.

दुसरा ता.क. वर पूर्ण सही केली ती उगाच नाही. शुक्रवारी हे पत्र घेऊन ये आन् कमिटीपुढं ठेव. मी दोनदा प्राचार्यांकडे गेलतो, आन् त्यांचा टेबल पुसून वापस आलो.

तिसरा ता.क. खडू टाकताना तिनं मले पाह्यलं होतं. परीक्षकानं विचारलं तवा माह्याकडे एकदा पाह्यलं, आन् म्हणाली, "मीच टाकला, सर."