कवडीस बांधून ठेवावे

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १७८५

राजश्री पुंजारामजी, अमरावती, यांसी खुशालरावाचा सप्रेम रामराम. इकडे सर्व क्षेम आहे; तुमचे क्षेम ऐकण्याची इच्छा.

पत्रास कारण तुमची लेक नव्हे, तिचे मांजर. दिवाळीनंतर सुभद्रा आमच्याकडे नांदायला आली, तेव्हा गाडीतून फुलांची एक टोपली उतरली. दुर्गाबाईने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, झाकण काढले तर आत झेंडू नाही, पांढरे मांजर. सुनबाई म्हणाली, ही आमची कवडी. पण टोपलीत कशी आली, मले ठाऊक नाही. आम्ही पोटभर हसलो.

यंदा कापसाला देव पावला. मुंबईचे दलाल दारी येतात, त्यांना घोंगडीवर बसवणे बरे दिसेना, म्हणून दोन खुर्च्या आणि एक तांबडा मखमली कोच मागवला. त्यावर पहिली बैठक कवडीने मारली. दलाल उठून गेले, तेव्हा त्यांच्या काळ्या अंगरख्याची पाठ पिंजाऱ्यासारखी दिसत होती. आमचा कुत्रा मोती दहा वर्षांत कधी उंबरा ओलांडून आला नव्हता. आता तोही दारात बसून खुर्चीकडे पाहत असतो. तुम्ही माळी माणसे फुलांच्या टोपल्यांपासून मांजर कसे दूर ठेवीत होता, ते कळवावे.

पोर गुणाची आहे. सासूच्या मागेमागे असते. काळजी नसावी, लोभ वाढता ठेवावा.

अमरावती, पौष शुद्ध २

राजश्री खुशालरावजी, अकोला, यांले पुंजाराम माळ्याचा हात जोडून रामराम. मले लिहिता येत नाही. शाळेचे पंतोजी माझ्या तोंडचं लिहून राहिले.

तुमचं पत्र ऐकून मान खाली गेली. मांजर टोपलीत कसं गेलं, मलेही ठाऊक नाही. सुभद्रीची माय ती तीन वर्षांची असतानाच गेली. मी पहाटे फुलं घेऊन अंबादेवीच्या पायरीवर जाऊन बसायचो, घरी पोरगी एकटी. तिले सोबत म्हणून मांजर पाळलं. माणसाशी कमी आन मांजराशी जास्त बोलायची सवय तिले तवापासून लागली.

टोपल्यांपासून मी त्याले ओला फडका मारून हाकलत होतो. पण मखमलीवर ओला फडका कसा चालंल? तवा तुमीच काय ते करा. पोरगी उलटून बोलणार नाही. चुकली तर रागवा, तुमची लेकच समजा. माया राहू द्या.

अकोला, माघ शुद्ध ९

राजश्री पुंजारामजी यांसी रामराम विशेष.

सुनबाईला आम्ही बैठकीच्या दारात बसवले, हाती वेळूची काडी दिली. ती काडी आपटते, मांजर उतरते; ती चुलीपाशी गेली की मांजर पुन्हा कोचावर. परवा त्याने मखमलीवर नख्या चालवल्या. हातभर चीर पडली, आतला काथ्या बाहेर आला. त्याच दिवशी मोठे दलाल यायचे होते. मला राग आवरला नाही. सुनबाईला सांगितले, एकतर मांजर मोर्णा नदीपलीकडे सोडून ये, नाहीतर कवडीस वखारीत बांधून ठेवावे. ती म्हणाली, मामाजी, बांधून ठेवते.

आता ते कापसाच्या वखारीत असते. दुपारी जेवणे झाली की सुनबाई तिकडे जाऊन बसते आणि दोरी सोडून देते. दुर्गाबाई म्हणते, पोर अजून पोरच आहे. तुम्ही दोन शब्द सांगितले तर ऐकेल. तुमच्या बागेतली वांगी पोचली, फार गोड होती. लोभ आहेच.

अमरावती, माघ वद्य ४

राजश्री खुशालरावजी यांले रामराम.

बांधलं ते बरं केलं. मी असतो तर आधीच बांधलं असतं. सुभद्रीले वाचून दाखवा, तुझ्या आबानं सांगितलं, दोरी सोडायची नाही. मोठ्या घरी गेली, मोठ्या घरासारखं वागावं. आमच्यावर राग नसावा.

अकोला, फाल्गुन शुद्ध ६

पुंजारामजी यांसी.

पत्रावर श्रीकार घातला नाही, यावरून अशुभ समजावे. माझा चुलतभाऊ नत्थुजी हे पत्र घेऊन निघाला आहे; तो तोंडी सांगेलच.

तीजेला भर दुपारी वखारीपाशी गाड्या भरणे चालले होते. कोणाच्या तरी चिलमीची ठिणगी कापसात पडली. गडी बाहेर पळाले. सुनबाई चुलीपाशी होती. ओरड ऐकून ती धावली. दुर्गाबाईने पदर धरला, तो फाटून तिच्या हातात राहिला. कवडी आतल्या खांबाला बांधलेली होती. तुमचे पत्र वाचून दाखवल्यापासून सुनबाईने एकदाही दोरी सोडली नव्हती. गाठ घट्ट बसली असावी, तिला वेळ लागला. आधी मांजर बाहेर आले. मग आमचा शालिकराम आत शिरला आणि त्याने बायकोला उचलून आणले. त्याचे दोन्ही हात भाजले.

सकाळपर्यंत होती. कवडी सुटली का, एवढे विचारले. सुटली म्हटल्यावर निवली. पाणी मागितले, ते दुर्गाबाईने पाजले. मग मला म्हणाली, आबानं दोरी सोडू नको म्हटलं होतं, मी सोडली हे त्यांले कळवू नका. हे लिहू नये असे वाटले. पण तिचे शेवटचे बोलणे माझ्यापाशी ठेवण्याचा मला काय अधिकार?

बांध म्हणून मी सांगितले. एका कोचासाठी सांगितले. तुम्ही काय म्हणाल ते मी ऐकून घेईन.

खुशालराव

अमरावती, फाल्गुन शुद्ध १३

खुशालरावजी यांले पुंजारामाचा रामराम.

नत्थुजीसंगं मी निघालो होतो. बडनेऱ्यापर्यंत आलो. पुढं पाय उचलेना. ती नाही आन मी तिच्या दारात जाऊन काय करू, म्हणून परत फिरलो. नत्थुजीही माझ्यासाठी मागं आला, दोन दिवस जवळ बसून राहिला. चांगला माणूस आहे.

तुमाले एक सांगायचं राहिलं होतं. मांजर टोपलीत मीच घातलं. सुभद्रीले ठाऊक नव्हतं. नव्या घरी कोणाशी बोलंल, म्हणून घातलं. तुमी हसून लिहिलं तरी मले भीती वाटली, तवा खोटं सांगितलं. दोरी सोडू नको, हेही मीच कळवलं. तुमी एकदा सांगितलं, मी वरून सांगितलं. जन्मात तिनं माझा शब्द मोडला नव्हता. मोडला तवा उशीर झाला. कोणाले बोल लावू? तुमाले लावायचा म्हटलं तर आधी मलेच लागतो.

पाणी पाजलं, बरं केलं. विहीणबाईंले म्हणा, पदर फाटला त्यात त्यांचा दोष नाही. शालिकरामाच्या हाताले खोबऱ्याचं तेल लावत जा, उन्हात जाऊ देऊ नका. पोरगा आहे, त्याचं पुढं पाहा. दुसरी सून आणाल तवा मले कळवा, मनात काही ठेवू नका. फुलं मी पाठवीन.

तेराव्याले येतो. यावेळी येतोच.

पंतोजी विचारून राहिले, पोरगी गेली, आता व्याह्यांले लोभ असावा असं लिहायचं का. मी म्हटलं, लिहा.