आराखड्यावरची सही

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमची नात तेव्हा तीन वर्षांची होती आणि आधाराशिवाय बसतही नव्हती. आता ती दहावीत आहे. हात थरथरतात, पेन धरता येत नाही, बोलणं सावकाश, ओढल्यासारखं येतं. पण इतिहासाचा अख्खा धडा एकदा ऐकून सांगते. परीक्षेला तिला लेखनिक हवा, म्हणजे ती सांगेल ते लिहिणारं कोणीतरी, आणि जादा वेळ. त्याचा अर्ज शुक्रवारपर्यंत शाळेतून जायला हवा. आज बुधवार, आणि अर्ज अडलाय.

अडलाय तो तिच्या आराखड्यावर. अशा प्रत्येक मुलाचा दरवर्षी वेगळा शैक्षणिक आराखडा करायचा, पालकांना बसवून, मुलाला विचारून, असा नियम आहे. आमच्याकडे त्यासाठी फिरते शिक्षक येतात. चांगला माणूस, एसटीने शाळाशाळा हिंडतो. शाळा सुरू झाली की ते शेवटचं पान पुढे करायचे, "ताई, इथे सही करा, वरचं मी भरलंय." मी करायचे. परवा मुख्याध्यापिकांनी फाइल उघडली. तीन वर्षं एकच मजकूर: अक्षरे ओळखेल, स्वतःचे नाव गिरवेल. आणि तिसऱ्या पानावर, कानाचे यंत्र नियमित वापरेल. दुसऱ्याच कुठल्या मुलाचा आराखडा उतरवलेला. बाई म्हणाल्या, "हे जोडलं तर वरून विचारतील, अक्षरओळख चाललेली मुलगी दहावीचे पेपर सांगणार कशी? आणि सही तुमची आहे. यंदा राहू दे तिला घरी."

घरी सांगितलं तेव्हा हे मिरकरवाड्याहून, बर्फाच्या कारखान्यातून नुकते आलेले. "अगो, तीन वर्षं सही करत्येस, वाचलंस नाय?"

"नाही वाचलं," मी म्हटलं.

लेक खुर्चीत बसून ऐकत होती. एकेक शब्द ओढत म्हणाली, "आई, माझं यंत्र... कुठे ठेवलंस? बाबा ओरडतायत ते... ऐकूच येत नाही." हे हसले. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

तुमची शाळा आठवते. दाराशी ती मुलगी बसलेली आहे, जिला खरंच ऐकू येत नव्हतं. तुम्ही तिची हजेरी मांडता, तिला काही विचारत नाही, दरवर्षी वरच्या वर्गात घालता. तिची आई आमसुलं घेऊन आपल्या स्वयंपाकघरात येते, तुमच्या पाया पडते. त्याच वर्षी मी तिला काजूच्या बिया मांडून बेरीज शिकवली होती, आणि तिला ती आली होती. धावत सांगायला आले तर तुम्ही चुलीपाशी चहा पीत होतात. "गप बस," म्हणालात. "वर्गात उभी केली नि चुकली तर पोरं हसतील. कशाला लाजवायचं तिला?" मला ती माया वाटली. मायाच होती, अण्णा, म्हणून तर तुमच्यावर रागावताही येत नाही. पण ती मुलगी सातवीपर्यंत गेली आणि कोणी तिला एकदाही काही विचारलं नाही.

उद्या मी पुन्हा शाळेत जाणार. तिला घेऊनच जाईन, समोर बसवून विचारा म्हणेन, आराखडा आजच्या आज नवा करा म्हणेन. फिरत्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, माझ्या पोटावर पाय येईल हो." मला काही सुचत नाही. बाईंचे पाय धरीन. शुक्रवार गेला तर तिचं वर्ष गेलं, आणि घरी बसलेली अशी मुलगी परत शाळेत गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हा कागद मी सकाळी फाडून टाकणार आहे. यांना नाही सांगितलं, लेकीला तर नाहीच, म्हणून तुम्हाला. मी वाचलं होतं. पहिल्याच वर्षी, सर पाणी प्यायला उठले तेव्हा, तिन्ही पानं, कानाच्या यंत्रासकट. नाव गिरवेल, एवढंच मागितलंय, म्हणजे निदान यात तरी तिला कोणी नापास करणार नाही, असं वाटून मला बरं वाटलं होतं.