काठावर संपणारा धडा

बिद्री, १२ ऑगस्ट २०२४

ती. भाऊसोकाकांस,
क्रांतीचा सविनय जयभीम. वि. वि.
फोनवर तुम्ही बोलू देत नाही, म्हणून पत्र. नववीच्या वर्गातून मी इंग्रजीचं गाईड हद्दपार केलंय. तुमच्याच वेळचा जुना धडा वाचतोय: नदीपलीकडं शिकायला निघालेली मुलगी, घरात आजारी आई, काठाला शेवटची होडी. धड्यात गोष्ट तिथंच तोडलीय. पूर्ण पुस्तक माझ्या कपाटात आहे, पण शेवट आधी मुलांनी ठरवायचा, इंग्रजीत भांडून. ज्याला काही सांगायचंय त्यालाच शब्द लागतात, काका! पाठ केलेलं ओकणं म्हणजे भाषा नव्हे.
मुख्याध्यापक चिडलेत. शनिवारी पालकसभेत परीक्षा. मुलं बोलली नाहीत तर माझी तासिकेवरची नोकरी संपली. घास उतरत नाही.
रागावलात तरी लोभ कमी करू नका.
क्रांती

कळंबा, १४ ऑगस्ट

चि. क्रांतीस,
जयभीम व आशीर्वाद.
तुझं पत्र म्हणजे मैदानावरचं भाषण; टाळ्या तेवढ्या राहिल्या. अगं, तो धडा मी तीस वर्षं गाईडवर शिकवला. पोरं पास झाली की! तुझा मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. शनिवारपर्यंत पोरांकडून दहा उत्तरं घोकून घे. आणि जेव.
तुझ्या काळजीतला,
भाऊसो

बिद्री, १८ ऑगस्ट

ती. काकांस,
स. जयभीम. वि. वि.
घोकून घेतलं नाही.
सभेत मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गातल्या सोनमला उभं केलं, फक्त इंग्रजीत बोल म्हणाले. पोरगी थिजली. पालक खुसखुसले. तेवढ्यात तिची आजी बाळाबाई मागून गरजली, की आधी ती पोरगी होडीत बसली का न्हाय ते सांगा. नात रोज जेवताना गोष्ट सांगती आन् काठावरच सोडती. शिवाय आजारी आईला टाकून जाणारी पोर कसली, असंही सुनावलं. सोनम पेटली. इंग्रजीतच! मोडकं, अडखळतं, पण आजीच्या डोळ्याला डोळा भिडवून: ती जाणार, शिकणार, आईसाठी औषध घेऊन येणार. आजीला शब्द कळले नाहीत, भांडण कळलं. म्हणाली, पोरीचं तोंड तिच्या आईवर गेलंय.
नोकरी दिवाळीपर्यंत राहिली. पुढचं ठाऊक नाही.
तुमच्या दोन ओळींची वाट पाहणारी,
क्रांती

कळंबा, २१ ऑगस्ट

चि. क्रांतीस,
जयभीम व आशीर्वाद.
मुख्याध्यापकाचा फोन आलता. वाटलं, तुझी तक्रार. तर मलाच विचारतोय, की सर, ती होडीत बसली का? काय सांगू? धडा काठावर संपायचा, गाईडही. तीस वर्षांत मी पुढं बघितलंच न्हाय. कुठल्या पोरानं विचारलं न्हाय. मी विचारू दिलं नसंल.
कालपासून घरात येरझाऱ्या घालतोय, काकू वैतागलीय. रविवारी पहिल्या एसटीनं येतो. पुस्तक कपाटातून काढून ठेव, शेवट सांगू नकोस. आधी सोनमला बोलाव. माझ्या मते पोरीनं आईजवळच राहावं. बघू, इंग्रजीत मला तरी भांडता येतंय का.
तुझा,
भाऊसोकाका