मान हलली की बोली

४ सप्टेंबर
पोचलो एकदाचा! नेब्रास्कातलं हे गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि जनावरांच्या लिलावाची ही पत्र्याची शेड. मालकीण ऑपलबाई. तिचा नवरा जन्मभर इथे लिलाव पुकारायचा, वसंतात वारला. आता त्याच्या जागी मी. जेवायला मांसाचा रस्सा, मका आणि ॲपल पाय. वाढता वाढता म्हणाली, काय रे रॉयस, गळा धड आहे ना? मी हसून वेळ मारून नेली.

लहानपणापासून घशात चामखिळी उगवतात माझ्या. विषाणूच्या. कॅन्सरबिन्सर नाही, पण जाळल्या तरी पुन्हा हजर. भूल घेऊन घेऊन वीट आलाय. आवाज गेला तर दुसरं काही येत नाही मला, ही एकच धास्ती. पण खोलीत ऊन छान येतं.

९ सप्टेंबर
पहिला लिलाव. इथे हात वर करायची पद्धत नाही. भुवई, टोपीची कड किंवा मानेचा हलका झोका, झाली बोली. मग माघार नाही. तंबाखू चघळणारा म्हातारा एमेट म्हणाला, लेका, डुलकीसुद्धा काढू नकोस, बैल गळ्यात पडेल! सगळे खो खो हसले. माझा आवाज आधी घोगरा होता, पण कालवडी रिंगणात आल्या आणि असा काही सुटला की मलाच नवल वाटलं.

१७ सप्टेंबर
जिना चढलो की शिट्टीसारखा आवाज येतो छातीतून. म्हणजे चामखिळी वाढताहेत. एरवी आधी आवाज बसतो, मग दम लागतो. या वेळी उलटंच. दम जातोय आणि आवाज फुलतोय. लिलाव संपल्यावर ऑपलबाई डोळे पुसत आली. म्हणाली, अगदी आमच्या ह्यांचा आवाज रे. शेवटी शेवटी तेही असेच धापा टाकायचे.

२५ सप्टेंबर
ओमाहाला डॉक्टरीणबाईंकडे. पडद्यावर घसा दाखवला, फ्लॉवरचा गड्डा दिसत होता नुसता. म्हणाल्या, अहो, या गळ्यातून कुजबुजसुद्धा निघायला नको, तुम्ही बोलताय कसे? श्वास ओढताना माझी मान पुढे झुकते, हेही त्यांनीच दाखवलं. परवाच जाळू म्हणतात. मी विचारलं, आवाज राहील? म्हणाल्या, शब्द देता येत नाही. मग म्हटलं, वासरांचा मोठा लिलाव होऊ दे, मग बघू. थकलोय मी, पण आवाज सोडवत नाही.

२ ऑक्टोबर
मोठा लिलाव झाला. मधेच पाणी प्यायलो. तोंडात घोट होता आणि पुकारा चालूच राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. एमेट मात्र तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होता.

५ ऑक्टोबर
बस्स. खड्ड्यात गेला आवाज, मला जगायचंय. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच गळा बोलला. गोड, अदबीनं. रॉयस अगदी ठणठणीत आहे, येणार नाही. फोन ठेवून दिला. म्हणजे मीच ठेवला. हात माझाच होता.

६ ऑक्टोबर
माझे शब्द निघतच नाहीत आता. ऑपलबाईला कागदावर लिहून दिलं — दवाखान्यात न्या. तिनं वाचलं, किल्ल्या घेतल्या. तेवढ्यात गळ्यानं तिला नावानं हाक मारली, तिच्या नवऱ्याच्या आवाजात. लाडानं. ती खाली बसली. डोळे मिटून ऐकत राहिली. किल्ल्या मुठीत — उठलीच नाही.

७ ऑक्टोबर, दुपार
गाडीपर्यंत जाववलं नाही. रिंगणात बसलोय. बाकं रिकामी. ऑपलबाई तेवढी कोपऱ्यात, डोळे मिटून.

गळा पुकारतोय. जनावर नाही रिंगणात, मीच आहे. म्हणतो, हा गळा आजपासून माझा, कबूल असेल त्यानं मान हलवावी —

मी हलवणार नाही. श्वास रोखलाय —

एक वार —

ऑपलबाई, डोळे उघड गं —

दोन वार — हवा हवी — ओढली की मान पु